नाताळच्या नाटकासाठी फ्लेक्स की रंगवलेला पडदा?

प्रश्न (वसईकर):
आमच्या वसईतील धर्मग्रामात यंदा येशूजन्मावरील मराठी नाटक चर्चच्या पटांगणात होणार असून मंचाचा दर्शनी भाग 30 फूट रुंद आणि 14 फूट उंच आहे. नाझरेथमधील मरियेचे घर, मेंढपाळांचे रान आणि बेथलेहेमचा गोठा असे तीन प्रवेश आहेत. गेल्या वर्षी आम्ही बर्फ, सूचिपर्णी झाडे आणि लाकडी झोपडी असलेला फ्लेक्स छापून घेतला. परंतु दिवे लागताच तो इतका चकाकू लागला की मरियेची भूमिका करणाऱ्या मुलीचा चेहराच नीट दिसेना. तिने दोन महिने मनापासून तालीम केली होती, त्यामुळे ही गोष्ट मनाला फार लागली. यंदा कापडावर पडदा रंगवावा असे वाटते. चित्रकलेत हात चांगला असलेली पाच-सहा मुले आहेत, मात्र एवढे मोठे चित्र कोणीच काढलेले नाही. तीन पडदे करावेत की एकावर भागेल?

उत्तर (नेपथ्यकार):
एकच पडदा करावा. त्यावर फक्त आकाश आणि खाली डोंगररांग रंगवावी. घर आणि गोठा यांच्यासाठी पुढे सुटे फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून रंगवलेले उभे तुकडे, ठेवावेत. पहाट, रात्र आणि ताऱ्याचा उजेड हे सारे दिव्यांनी साधते, कारण मांजरपाट (जाडसर साधे सुती कापड) फ्लेक्ससारखा प्रकाश परत फेकत नाही.

मांजरपाट आधी भिजवून वाळवावा, नाहीतर रंग लावताच कापड आटते. पट्टे आडवे जोडावेत, म्हणजे पडदा सरळ लोंबतो. कापड ताणून त्यावर पांढऱ्या रंगाचे पातळ अस्तर (पहिला हात) द्यावे. मूळ चित्र 1 इंचाला 1 फूट या प्रमाणात कागदावर काढून त्यावर इंचाइंचाचे चौकोन आखावेत आणि निळीत बुडवलेली दोरी ताणून कापडावर फुटाफुटाचे चौकोन मारावेत. मग प्रत्येक मुलाने आपापले चौकोन भरले तरी चित्र जुळते.

सर्वांत जास्त विचार क्षितिजरेषेचा करावा. पटांगणात खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर साधारण मंचाच्या पातळीलाच असते, म्हणून ही रेषा खाली, पडद्याच्या तळाजवळ हवी. दूरची घरे लहान रंगवलेली असतात; पात्र त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले तर ते राक्षसासारखे दिसते. त्यामुळे नटांना पडद्यापासून किमान पाच फूट पुढे ठेवावे. त्यांच्या सावल्याही मग बऱ्याच अंशी जमिनीवरच पडतात. रंग मात्र रात्री, त्याच दिव्यांखाली, शेवटच्या रांगेतून तपासावेत. दिवसा सुंदर वाटणारे निळे आकाश पिवळसर दिव्यात मळकट करडे होते. आपल्याकडे कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळींसाठी पडदे रंगवले होते. ही कला महाराष्ट्राच्या रंगभूमीची आहे आणि मुलांनी ती हातात घ्यावी याचा मला मनापासून आनंद वाटतो.

उत्तर (धर्मशिक्षणाच्या वर्गाची शिक्षिका):
बर्फाऐवजी खरे बेथलेहेम दाखवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिथे बर्फ क्वचितच पडते. हे गाव जेरुसलेमच्या दक्षिणेला चुनखडीच्या टेकड्यांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 775 मीटर उंचीवर आहे. परिसरात ऑलिव्हची झाडे आणि टप्प्याटप्प्यांची शेती आहे. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख आहे, गोठ्याचा नाही. जन्मस्थान ही गुहा होती असे फार जुनी परंपरा सांगते आणि तिथल्या चर्चखाली आजही ती गुहा दाखवतात. त्यामुळे लाकडी झोपडीपेक्षा खडबडीत दगडी कमान अधिक योग्य ठरेल. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेचो येथे गव्हाणीचा देखावा मांडला, तोही एका गुहेतच.

उत्तर (प्रकाशयोजनाकार):
डिसेंबरात रात्री दव पडते, म्हणून डिस्टेंपर किंवा पोस्टर रंग टाळून भिंतीचा चमक नसलेला इमल्शन रंग पातळ करून वापरावा. जाड थर गुंडाळताना तडकतो. पडद्याच्या खालच्या नेफ्यात पाइप घालावा आणि दोन्ही कडा दोरीने बांधाव्यात, कारण वाऱ्याने आकाश फुगले की सारा परिणाम जातो. पेटती मेणबत्ती मंचावर अजिबात नको, बॅटरीची वापरावी.

मेंढपाळांना देवदूत दिसतो त्या प्रसंगासाठी मंचाच्या एका भागात मच्छरदाणीची जाळी ताणावी. समोरून तिरपा प्रकाश टाकला की ती भिंतीसारखी दिसते. समोरचा दिवा मंद करून मागचा वाढवला की जाळीमागचा देवदूत हळूहळू प्रकटतो.

वसईकर:
सर्वांचे मनापासून आभार. एकच पडदा आणि दगडी कमानीचा फ्लॅट असे ठरवले आहे. जाळीवरही टेकडी रंगवायची आहे. तिची छिद्रे बुजणार नाहीत ना?

प्रकाशयोजनाकार:
ब्रशने भरल्यास बुजतील. रंग पाण्यासारखा पातळ करून स्पंजने टिपावा, जाळी उभी टांगलेली असतानाच, आणि मागे जुनी चादर लावावी. आधी हातभर तुकड्यावर करून मागे दिवा धरून पाहावे.