मदत हवी आहे: बिघडलेले हस्ताक्षर पुन्हा वळणावर कसे आणावे?
नमस्कार. गेली अनेक वर्षे माझे सारे लेखन कळफलकावरच होत आल्यामुळे, परवा मावशीला पत्र लिहायला बसलो तेव्हा दुसऱ्याच परिच्छेदात बोटे आखडली, ‘ळ’ आणि ‘क्ष’ लिहिताना हात अडखळला आणि शिरोरेघ ओळीगणिक खाली घसरत गेली. कळ दाबताना बोटाची हालचाल जवळपास एकच असते; हाताने लिहिताना प्रत्येक अक्षराचे वळण निराळे, आणि नेमके तेच हातातून गेले आहे. प्रौढ वयात रोज गिरवून कोणी अक्षर सुधारले आहे का? सराव किती वेळ करावा, आणि बॉलपेनपेक्षा कमी दाब लागणाऱ्या शाईच्या पेनाने बोटांवरचा ताण खरोखर हलका होतो का? मावशीने माझी जुनी पत्रे जपून ठेवली आहेत, त्यामुळे तिला छापील मजकूर पाठवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. कृपया स्वतःचा अनुभव सांगावा.