कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच गिट लावावं का? माझं मत: हो, त्याच दिवशी

अक्कलकोट रोड:
एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी सूत, रंग आणि तयार मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघं नव्याने करायला घेतोय. दोघं सोलापुरात, एक पुण्यात. मालकांना जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी पहिली स्क्रीन बघायची आहे, म्हणून जोडीदार म्हणतो, "आधी काहीतरी चालू होऊ दे, गिट नंतर लावू." गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला याचा इतिहास ठेवणारं साधन. ते नंतर लावण्याला माझा ठाम विरोध आहे.

मागच्या कामात आम्ही तीन महिन्यांनी गिट लावलं आणि सगळं फोल्डर एका दमात आत टाकलं. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल गेली आणि भलामोठा बॅकअपही गेला. गिटवरचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट गिटहब १०० एमबीवरची फाइल घेत नाही, त्यामुळे पुश (कोड तिथे चढवणं) अडला. पुढच्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) फाइल काढली तरी अडलेलाच, कारण जुन्या कमिटमध्ये ती होतीच. पासवर्डचंही तसंच. आज फाइल पुसली तरी इतिहास उघडणाऱ्याला तो दिसतो. शेवटी इतिहास पुन्हा लिहिला, सगळ्यांनी नव्याने क्लोन केलं (पूर्ण प्रत उतरवून घेतली), पासवर्ड बदलला. दोन दिवस गेले. म्हणून पहिली कमिट फक्त रीडमी (प्रकल्पाची ओळख) आणि गिटइग्नोअर (कोणत्या फाइली गिटने घ्यायच्या नाहीत त्यांची यादी) यांची असावी. कोड त्यानंतर.

नवी पेठ:
मला पटत नाही. वीस वर्षं दुकानदारांना बिलिंगची सॉफ्टवेअर लिहून देतोय. रोज संध्याकाळी तारखेची झिप करतो, एक प्रत पेनड्राइव्हवर घरी नेतो. कधी अडलं नाही. पहिल्या पंधरवड्यात टेबलांची रचना दहा वेळा मोडते. ते कच्चं काम जपून काय करायचं? नवख्या मुलाचा पहिला आठवडा मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे एकाच जागी भिडलेले बदल) सोडवण्यात गेला तर गिऱ्हाइकाला दाखवणार काय?

अक्कलकोट रोड:
अण्णा, एकट्याला झिप पुरते हे मान्य. पण दोघांनी एकाच दिवशी एकच फाइल बदलली तर कोणाची झिप खरी? आणि झिपमधून काय बदललं ते शोधून काढता येईल, का बदललं ते नाही. सुताची नोंद किलोऐवजी कोनवर (सुताच्या रिळांवर) नेली ती कोणाच्या सांगण्यावरून, हे सहा महिन्यांनी मालक विचारणारच. ती एक ओळ कमिटच्या संदेशात हवी. टेबलं दहा वेळा मोडतात ना, मग ती का मोडली हेच मला जपायचंय.

पुण्यातला सोलापूरकर:
लावायचंच तर नीट लावा. मेनवर (मुख्य ब्रँचवर) थेट पुश बंद, प्रत्येक बदलाला पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घेण्याची विनंती), दुसऱ्याची मंजुरी. डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशा वेगळ्या ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) पहिल्याच दिवशी करा. नंतर शिस्त लागत नाही.

अक्कलकोट रोड:
मंजुरीचं घेतो. ब्रँचचा पसारा नको. ही गिट फ्लोची रचना व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० साली मांडली आणि २०२० मध्ये त्यांनीच लिहिलं की सतत अपडेट होणाऱ्या वेब ॲपसाठी याहून सोपी पद्धत घ्या. आमचं वेब ॲपच आहे. एक मेन आणि दोन-तीन दिवसांत मिटणाऱ्या छोट्या ब्रँच, तिघांना एवढं पुष्कळ.

सात रस्ता:
माझा आक्षेप वेगळा आहे. कारखान्याचं काम बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर का ठेवायचं? लिनक्स कर्नलसाठी बिटकीपर हे गिटसारखंच एका कंपनीचं साधन फुकट वापरायला मिळत होतं, ती सवलत गेली म्हणून तर लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं. ऑफिसातल्या जुन्या मशिनवर बेअर रिपॉझिटरी (फक्त इतिहास साठवणारी सामाईक प्रत) ठेवा, एसएसएचने (सुरक्षित दूरजोडणीने) जोडा. खर्च नाही.

नवी पेठ:
आणि ते मशिन बसलं तर?

सात रस्ता:
प्रत्येकाच्या क्लोनमध्ये पूर्ण इतिहास असतो. ज्याने शेवटचं पुल केलंय (ताजे बदल उतरवून घेतलेत) त्याच्याकडून रिपॉझिटरी पुन्हा उभी राहते. गेलंच तर त्यानंतरचं, आणि तेही लिहिणाऱ्याच्या मशिनवर सापडतं.

नवी पेठ:
हे माहीत नव्हतं. किलो-कोनचा मुद्दाही पटला. तरी गड्ड्याच्या आधी मुलांना हे शिकवणार कोण, त्याचं उत्तर मिळालं नाही.

अक्कलकोट रोड:
मी शिकवतो. ॲड, कमिट, पुल, पुश आणि ब्रँच बदलणं, सुरुवातीला एवढंच. शनिवारी दुपारी बसतोय, अण्णा. तुमच्या बिलिंगचं फोल्डर घेऊन या, त्यावरच करून दाखवतो. पासवर्डची फाइल आधी बाजूला काढू.