स्पर्धकाच्या साइटचं ट्रॅफिक: दोन टूल्स, दोन आकडे, कुठला धरायचा?

प्रश्न
मंडळी मदत हवीय. माझी बागकामाची साइट आहे, त्याच विषयावरच्या दुसऱ्या एका साइटला महिन्याला किती लोक येतात ते बघायला दोन टूल्स उघडली, एचरेफ्समध्ये १२ हजार आणि सिमिलरवेबमध्ये ७० हजार! मग माझीच साइट टाकली तर ॲनालिटिक्समध्ये (माझ्या साइटवर आलेल्यांची नोंद ठेवणारं टूल) ९ हजार व्हिजिट्स आणि टूलमध्ये ४ हजार. आधी अलेक्सा रँक (साइट किती लोकप्रिय ते सांगणारा क्रमांक) बघायचे, ते २०२२ मध्ये बंद झालं. आता विश्वास कशावर ठेवू?

उत्तर १
बहुतेक दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. एचरेफ्समधला ऑरगॅनिक ट्रॅफिक म्हणजे फक्त सर्चमधून येणारे लोक. साइट कुठल्या कीवर्डला (लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द) कितव्या नंबरवर आहे, तो कीवर्ड महिन्याला किती वेळा शोधला जातो आणि त्या नंबरवर साधारण किती जण क्लिक करतात, यावरून काढलेला अंदाज. व्हॉट्सॲपवरून किंवा थेट पत्ता टाकून आलेले त्यात येतच नाहीत. सिमिलरवेब सगळं ट्रॅफिक मोजायला बघतं, पण तेही बरंचसं काही लोकांच्या ब्राउझिंगच्या नमुन्यावरून, त्यामुळे साइट लहान असेल तर नमुन्यात मोजकेच लोक सापडतात आणि आकडा कुठेही भरकटतो. आणि हो, व्हिजिट्स (एकूण भेटी) आहेत की युनिक व्हिजिटर्स (वेगवेगळी माणसं) ते आधी बघा, तिथेच निम्मा घोळ होतो.

उत्तर २
वरच्यांशी सहमत. मी आकडा जसाच्या तसा कधीच घेत नाही, एकच टूल धरते, त्यात माझी साइट आणि चार स्पर्धक टाकते आणि कोण वर चाललंय कोण खाली एवढंच सहा महिन्यांचं बघते. सर्चचा अंदाज असेल तर तो गूगलच्या सर्च कन्सोलमधल्या (आपल्या साइटला गूगल सर्चमधून किती क्लिक्स आले ते दाखवणारं टूल) क्लिक्सशी ताडून बघा, एकूण ॲनालिटिक्सशी नको. फुकटात हवं असेल तर क्रोम ब्राउझरच्या क्रक्स डेटामध्ये (क्रोम वापरणाऱ्यांवरून गूगल देतं ती खुली आकडेवारी) साइट लोकप्रियतेत पहिल्या १० हजारांत आहे की १ लाखात की १० लाखांत ते कळतं, नेमका नंबर मिळत नाही पण तो डेटा खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांचा असतो.

प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचे! १२ हजारवाला आकडा फक्त सर्चचाच निघाला. त्यातच टॉप पेजेस (सगळ्यात जास्त ट्रॅफिक आणणारी पानं) उघडलं तर त्यांचं निम्म्याहून जास्त ट्रॅफिक एकाच लेखावर, कुंडीतली पानं पिवळी का पडतात यावर. माझ्याकडे त्या विषयावर एक ओळसुद्धा नाही, आज रात्रीच लिहायला बसते.