मदत हवी आहे: निवृत्तीनंतर एक्वाडोरमधल्या क्वेंका शहरात राहण्याबद्दल

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं न्यू जर्सीत असतो, मुळचे साताऱ्याचे. पुढच्या वर्षी हे निवृत्त होतील, आणि मग क्वेंकाला जायचा विचार पक्का होत आलाय. मागच्या वर्षी तीन आठवडे तिथे राहिलो. तोमेबांबा नदीकाठी रोज संध्याकाळी चालायचो, तेव्हा मला सारखी कृष्णामाईच्या घाटाची आठवण यायची. चलन अमेरिकन डॉलरच, त्यामुळे पेन्शनचा हिशोबही सोपा.

काळजी दोन गोष्टींची. शहर सुमारे २,५०० मीटर उंचीवर आहे आणि ह्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण तितक्या उंचीवर वर्षानुवर्षं राहिलेल्या कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा. मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) तिकडे चालत नाही. मग तुम्ही तिथला सरकारी विमा घेतलात की खासगी?

दुसरं, व्हिसा ह्यांच्या पेन्शनवर, मी अवलंबित म्हणून. आमचा विवाह नोंदणीचा दाखला मराठीत आहे, १९८६ चा. अशा दाखल्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणीकरण) मुंबईतून कसं करून घेतलंत? स्पॅनिश भाषांतर थेट मराठीवरून झालं की आधी इंग्रजी करावं लागलं?

तिथे कुणी मराठी कुटुंब असेल तर बोलायला फार आवडेल.