बुलेटचं इंजिन काम करून ४०० किमी झाले, टॅपेटचा आवाज गेला पण किक हलकी लागते

जुना_८८:
गाडी ८८ ची कास्ट आयर्न ३५०. दिवाळीआधी पूर्ण इंजिन खोलून केलं, बोअर (सिलिंडरचं भोक) मारून २० थाऊ (इंचाचे २० हजारांश) ओव्हरसाइज पिस्टन टाकला, रिंगा नवीन, दोन्ही वॉल्व्ह नवीन घासून बसवले. सुरुवातीला टॅपेटचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) टिकटिक यायचा तो आपोआप बंद झाला, मी म्हटलं चला इंजिन सेट झालं. पण आता किकला जोरच नाही, पाय सरळ खाली जातो, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट्फट्. आणि सकाळी गार असताना खटखट असा जाड आवाज येतो, तीन-चार किमीनंतर कमी होतो. मिस्त्री म्हणतोय रिंगा बसल्या नाहीत, अजून ५०० चालव. चालवू का?

उद्यमनगरी:
चालवू नको भावा. टिकटिक आपोआप गेली हीच वाईट बातमी आहे. नवीन वॉल्व्ह सीटवर घासत घासत थोडा आत बसतो, म्हणजे तेवढं टॅपेटचं अंतर खाल्लं जातं, आणि आपल्या बुलेटला मुळात गार इंजिनवर शून्य क्लिअरन्स ठेवायचं असतं त्यामुळे खायला काही शिल्लकच नसतं, मग वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आवाज करणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला वॉल्व्ह जाळतो.

आधी खात्री कर. प्लग काढून भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड, दोन-तीन किक मारून पसरू दे, प्लग लावून परत किक मारून बघ. जोर आला तर रिंगा किंवा बोअर. काहीच फरक नाही तर वॉल्व्ह. मग रात्रभर उभ्या गाडीवर टॅपेट कव्हर उघड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद असताना अगदी वरच्या टोकाला आण (पॉइंटवाल्या गाडीत अँमीटरचा काटा मधे येतो तिथून अंदाज लागतो) आणि दोन्ही पुशरॉड (टॅपेटपासून वॉल्व्हपर्यंत ढकलणारे दांडे) बोटांनी फिरवून बघ. फिरले पाहिजेत पण वर-खाली हलता कामा नयेत.

थंपर_काका:
वरच्यांशी सहमत, फक्त आधी डीकॉम्प्रेसरची (किक सोपी व्हावी म्हणून एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडणारी) केबल बघा राव. ती ताणलेली असली तरी किक अशीच हलकी लागते, माझे एकदा दोन रविवार यात गेलेत, शेवटी केबलला दोन मिमी ढील दिली आणि संपलं 😀

जुना_८८:
केबल ढिली आहे काका. ऑइल टाकून बघितलं, काही फरक नाही. एक्झॉस्टचा पुशरॉड फिरतच नाही, गच्च. पण पिस्टनला वॉल्व्ह लागत असेल का? तो खटखट त्याचाच असेल अशी भीती आहे.

उद्यमनगरी:
सापडलं मग. एक्झॉस्टचा टॅपेट सैल कर, लॉकनट आवळल्यावर परत फिरवून बघ कारण आवळताना सेटिंग हलतंच. दर २००-३०० किमीला एकदा चेक, दोन-तीनदा झालं की थांबेल.

वॉल्व्ह पिस्टनला लागत असता तर तो आवाज गरम झाल्यावर कमी झाला नसता, आणि या इंजिनात कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की कॅमच्या गिअरच्या खुणा चुकवल्याशिवाय किंवा भलताच पिस्टन टाकल्याशिवाय तिथे गाठ पडत नाही. गार असताना खटखट आणि गरम झाल्यावर गप्प, तो पिस्टन बोअरला आपटतोय, म्हणजे बोअर थोडा मोठा मारलाय. लेथवाले बऱ्याचदा पिस्टन न मोजता नुसत्या २० च्या नंबरावर बोअर मारतात. पिस्टन स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या टोकाला, पिनच्या काटकोनात मोजायचा आणि बोअर त्याला जुळवायचा.

थंपर_काका:
त्या खटखटीसाठी लगेच खोलू नको मात्र. थोडा सैल पिस्टन वर्षानुवर्षं चालतो, घट्ट असता तर घाटातच जाम झाला असता.

जुना_८८:
सेट केलं. पहिल्या किकला पाय उलटा आला आणि गुडघ्याला लागलं 🙏 फट्फट् पण गेली. खटखट आहे अजून, राहू दे.