"वीस वर्षं विसरून जा" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न

सातपूरकर:
परवा कॉलेजरोडकर यांनी इथं लिहिलं, "आपल्याकडे सगळं महाग झालंय, चीन-ब्राझील-तैवानच्या ग्रोथ (झपाट्याने वाढणाऱ्या) कंपन्या घ्या आणि वीस वर्षं विसरून जा." खाली सगळ्यांची वाहवा. मला राहवलं नाही म्हणून लिहितोय. फेब्रुवारी २०२१ ला मी व्हीआरएसच्या पैशातले चार लाख चीनवाल्या फंडात टाकले, सल्लागाराने हेच वाक्य ऐकवलं होतं. जुलैत तिकडच्या सरकारने शाळेचे विषय शिकवणाऱ्या क्लासेसना नफा कमवायलाच बंदी घातली, न्यू ओरिएंटलसारख्या कंपन्या आडव्या झाल्या. ऑनलाइन खरेदीवाल्या अलिबाबाचा शेअर ऑक्टोबर २०२० ला तीनशे डॉलरच्या वर होता, दोन वर्षांत साठीच्या घरात आला. धंदा बुडाला नव्हता हो, गिऱ्हाईक होतं, ऑर्डरी होत्या, सरकारची मर्जी फिरली. चार लाखाचे दोन झाले तेव्हा बायकोला सांगायला मला तीन महिने लागले. विसरायचं कसं ते सांगा.

कॉलेजरोडकर:
काका, वाईट वाटलं, पण तुम्ही नेमकं शिखरावर घेतलं, एकरकमी घेतलं, एकाच देशात घेतलं. यात दीर्घ मुदतीचा काय दोष? दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्स कंपनीने २००१ मध्ये टेन्सेंट या चिनी इंटरनेट कंपनीचा जवळजवळ निम्मा हिस्सा सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास घेतला, पुढे त्याचे हजारो कोटी डॉलर झाले. मर्काडो लिब्रे ही अर्जेंटिनातून निघालेली ऑनलाइन खरेदीची कंपनी, जिथे नोटेची किंमत दर महिन्याला घसरते, ती २००७ ला १८ डॉलरला बाजारात आली आणि २०२४ मध्ये दोन हजारच्या वर गेली. असा एक दाणा लागला की बाकीचे आठ-नऊ गेले तरी भरून निघतं. सगळं गणित यावरच उभं आहे.

पंचवटी_०३:
तो एक दाणा हातात टिकला पाहिजे ना? २००८ मध्ये हाच मर्काडो लिब्रे इश्यूच्या, म्हणजे त्या पहिल्या १८ डॉलरच्या, भावाखाली गेला होता. माझ्या सासऱ्यांकडे इन्फोसिसचे १९९३ च्या इश्यूतले शेअर होते, ९५ रुपयांचे. ९६ ला गंगापूर रोडच्या प्लॉटच्या बयाण्यासाठी विकले. आजही लग्नकार्यात तो विषय निघाला की उठून बाहेर जातात. आणि आकडाच हवा तर उदयोन्मुख बाजारांचा, म्हणजे चीन-ब्राझील-भारतासारख्या देशांतल्या शेअरचा, एमएससीआय कंपनीचा निर्देशांक २००७ अखेर होता त्याच्या खाली २०२४ अखेर होता. सतरा वर्षं!

कॉलेजरोडकर:
तो डॉलरमधला आकडा, लाभांश सोडून. आपला रुपया तेव्हा ३९-४० ला होता, २०२४ अखेर ८५ च्या पुढे. रुपयात मोजा.

पंचवटी_०३:
मोजलं. सतरा वर्षांत दुप्पट पण नाही, लाभांश धरला तरी बँकेच्या एफडीने बरं दिलं असतं.

कॉलेजरोडकर:
निर्देशांकात सरकारी बँका आहेत, तेल कंपन्या आहेत, तो सगळा गाळ धरून तुम्ही ग्रोथ कंपन्यांना का झोडताय?

निफाडचा_शेतकरी:
"सरकारची मर्जी फिरली" म्हणजे चीनच का हो? ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली. आदल्या दिवशी माझ्या लाल कांद्याला क्विंटलला ३,४०० बोलले होते, दोन दिवसांनी तीच ट्रॉली १,७०० ला सोडली. लाल कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकत नाही, माघारी नेऊन करू काय? त्याआधी ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतंच. मोकळा बाजार म्हणता, कुठाय मोकळा?

इंदिरानगर_गृहिणी:
आणि आम्ही ७० रुपये किलोने घेत होतो तेव्हा कोण आलं विचारायला? दरवेळी शेतकऱ्याचंच का?

निफाडचा_शेतकरी:
ताई, ७० मधले माझ्या हातात किती पडले ते विचारा. मजुरी, भाडं, तोलाई, हमाली. पाच रुपये किलोने विकला तेव्हा कुणी जास्तीचे दोन देऊ केले नाहीत.

इंदिरानगर_गृहिणी:
आमचाही पगार वाढला नाही, हे पण लिहा.

कॉलेजरोडकर:
अरे विषय काय, चाललंय काय! कांद्यासाठी वेगळा धागा काढा.

सातपूरकर:
राहू द्या, माझ्या मनातलं तेच बोलले. रशियाचं बघा. यांडेक्स, त्यांची सर्च इंजिनवाली कंपनी, चांगली वाढत होती. २८ फेब्रुवारी २०२२ ला अमेरिकेत तिचे व्यवहार थांबले आणि मार्चमध्ये एमएससीआयने रशियाच उदयोन्मुख देशांतून काढला, भाव जवळपास शून्य धरून. त्यात वीस वर्षांसाठी पैसे ठेवलेला माणूस काय करणार होता?

कॉलेजरोडकर:
अर्धंच सांगताय. यांडेक्सची मूळ कंपनी रशियातला धंदा विकून नेबियस झाली आणि ऑक्टोबर २०२४ ला तिचे व्यवहार परत सुरू झाले. धरून बसला त्याचे पैसे बुडाले नाहीत.

सातपूरकर:
हे मला माहीत नव्हतं, मानतो. पण अडीच वर्षं घरात दुखणं निघालं असतं तर विकता आलं असतं का? माझ्या वयाला तेच विचारावं लागतं. तुम्ही पस्तिशीचे असाल.

कॉलेजरोडकर:
छत्तीस. आणि वयावर येऊ नका, माझेही त्यात पैसे अडकलेत, लाल रंग मीपण बघितलाय.

निफाडचा_शेतकरी:
साहेब, माझं शेअरमधलं ज्ञान शून्य. पण उन्हाळ कांदा आम्ही चाळीत पाच-सहा महिने ठेवतो तो विसरून नाही. वास आला की हात घालायचा, सडका काढायचा, नाहीतर शेजारचे चार जातात. तुमच्या फंडात सडका कोण काढतं?

कॉलेजरोडकर:
फंड मॅनेजर काढतो, निदान काढायला हवा. ठीक आहे, "विसरून जा" हा शब्द चुकला, घेतला मागे. वीस वर्षं मात्र मागे घेणार नाही. वर्षातून एकदा बघावं, कंपनीबरोबर देशपण बघावा, आणि घरखर्चाचा पैसा तिकडे नेऊच नये. काका, फंड अजून आहे का?

सातपूरकर:
आहे. आज दोन लाख साठ दाखवतोय. मुलगी म्हणते काढा, माझा हात धजत नाही.

कॉलेजरोडकर:
रविवारी स्टेटमेंट घेऊन या, पहिल्या दहा कंपन्या एकत्र बघू. मग काढायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

निफाडचा_शेतकरी:
मी पण येतो, कांद्याच्या हिशोबाची वही आणतो. ताईंनी पण या.