नागपूरच्या चितार ओळीत (मूर्तिकारांच्या गल्लीत) मूर्तिकाराचा फोटो त्यांच्या कामाच्या जागीच काढायचाय, लेन्स कोणती लावू?

महालकर: नमस्कार मंडळी, गणपतीच्या आधी चितार ओळीतल्या एका मूर्तिकार काकांचे फोटो काढायचे आहेत, त्यांनी हो म्हटलंय. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे. सध्या ५० नेच काढून राहिलो पण खोली इतकी अरुंद की मागे सरकलं की भिंतच लागते, आणि एफ १.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवली की, मागचं सगळं धूसर होऊन पुसल्या जाते, मग तो फोटो चितार ओळीत काढला काय अन् धरमपेठच्या स्टुडिओत काढला काय, सारखाच. वरून ट्यूबलाइट आणि दारातून ऊन, चेहऱ्याला दोन रंग येतात. काय करू?

इतवारी_३५: ५० घरी ठेव भाऊ. किट लेन्स २४ वर लाव, क्रॉपवर ती जवळपास फुल फ्रेमच्या ३५ एमएम सारखी दिसते, अन् एफ ५.६ ठेव. मागच्या अर्धवट मूर्ती, तणस, रंगाचे डबे ओळखू आले पाहिजेत, त्याच्यासाठीच तर तू तिथं जाऊन राहिला. आवरायला अजिबात लावू नको त्यांना. फक्त काकांना फ्रेमच्या कडेला घेऊ नको, वाइडवर कडेचा चेहरा ताणल्या जाते.

उजेड_सावली: कडेला नको हे काही मला पटत नाही. फोटोग्राफर अर्नॉल्ड न्यूमनने १९४६ मध्ये काढलेला संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो बघ, माणूस खाली कोपऱ्यात लहानसा आणि बाकी फ्रेम पियानोच्या झाकणाने भरलेली, तरी नजर त्याच्यावरच जाते. थोडं लांबून घेतलं, माणूस लहान ठेवला की ताणलेलं जाणवत पण नाही. चितार ओळीत तर मोठ्या मूर्तीच्या पायाशी बसलेले काका असा फोटो सहज मिळेल.
उजेडाचं म्हणशील तर ट्यूब बंद करायची विनंती कर आणि दाराचा उजेड बाजूने येऊ दे, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० लागला तरी चालेल. बंद नसेल करता येत तर शटर १/१०० किंवा १/५० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकवाल्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्याहून फास्ट गेलं की पट्टे येऊ शकतात. आणि रॉ फाइलमध्येच काढ, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात.

इतवारी_३५: हो, लांबून लहान घेतलं तर जमते, मी जवळून म्हणत होतो. अजून एक, डोळ्यांची आखणी चालू असली की बोलू नको, हलू नको, हात हलला तर मूर्ती गेली. आणि काका हो म्हणाले म्हणजे बाकी कारागीर पण हो म्हणाले असं नाही, ज्याला त्याला विचार.

महालकर: ट्यूब चोकवालीच आहे. आखणी कोणत्या दिवशी ते काकांना विचारून ठेवतो, प्रिंट इथे कुठे चांगली निघते तेवढं सांगा कोणी, सगळ्यांना एकेक द्यायची आहे.